माणसाच्या पेशीकडून फॅक्टर आठ

कोविशिल्ड लस आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली, पण तिच्यासोबतचे माहितीपत्रक फार थोड्यांनी वाचले असेल. ही लस जनुकीय बदल केलेल्या एचईके २९३ या मानवी पेशींमध्ये तयार होते, अशी नोंद त्यात आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने या पेशी वाढवल्या, त्यांच्यात लशीचा निरुपद्रवी केलेला विषाणू वाढवला, आणि तो कोट्यवधी लोकांच्या दंडात गेला. माणसाची पेशी शरीराबाहेर टाकीत वाढवायची आणि तिच्याकडून औषध बनवून घ्यायचे, हे तंत्र काही महासाथीत जन्मले नव्हते. याच पेशींच्या भावंडांकडून हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी रक्त गोठवणारे प्रथिनही बनवून घेतात. त्या प्रथिनाची एक कुपी कशी तयार होते, ते या लेखात पहिल्यापासून सांगतो. हे औषध इतके महाग का, मधूनच त्याचा तुटवडा का पडतो, असे प्रश्न रुग्णांचे आईवडील वर्षानुवर्षे विचारत असतात. त्यांची बरीचशी उत्तरे कारखान्याच्या आत मिळतात.

हिमोफिलिया ‘ए’ म्हणजे रक्तात फॅक्टर आठ या प्रथिनाची कमतरता. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला. तीव्र प्रकारात फॅक्टरचे प्रमाण सामान्याच्या एक टक्क्याहूनही कमी असते. असा मुलगा पडला-झडला नाही तरी त्याच्या गुडघ्यात, घोट्यात, कोपरात आतल्या आत रक्त साचते. सांधा फुगतो, गरम होतो, मूल रात्रभर कळवळते. हे पुन्हा पुन्हा झाले की सांधा कायमचा आखडतो. यावर मुख्य उपाय म्हणजे नसलेला फॅक्टर शिरेतून देणे.

पूर्वी हा फॅक्टर दात्यांच्या रक्तद्रवातून काढत. १९६४ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिले, की गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिला तर तळाशी जो साका राहतो त्यात फॅक्टर आठ भरपूर असतो. पुढे हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून त्याची सुकी पावडर कुपीत भरून मिळू लागली. रुग्णांना ती घरच्या घरी घेता येई, आणि काही वर्षे सारे सुखावले. पण हजारांत एक दाता बाधित निघाला तरी त्या घाण्यातल्या सगळ्या कुप्या बाधित होत. ऐंशीच्या दशकात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जपान या देशांत हजारो हिमोफिलिया रुग्णांना या औषधातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची लागण झाली. जीव वाचवण्यासाठी घेतलेल्या कुपीतूनच मरण यावे, याहून मोठा घात औषधाच्या इतिहासात शोधावा लागेल. १९८४ मध्ये दोन अमेरिकी कंपन्यांच्या चमूंनी फॅक्टर आठचे जनुक वेगळे करून दाखवले. आता रक्तदात्यांवाचून हे प्रथिन बनवता येईल, अशी वाट दिसू लागली.

मग जिवाणूंकडून का नाही बनवले? १९८२ पासून मानवी इन्सुलिन ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेत होतेच की. पण इन्सुलिनमध्ये अमिनो आम्ले आहेत ५१, आणि फॅक्टर आठमध्ये २३३२. एवढी लांब साखळी नीट दुमडावी लागते, तिच्यावर ठरावीक जागी शर्करेच्या फांद्या बसवाव्या लागतात, काही टायरोसिनांवर सल्फेटचा गट जोडावा लागतो. जिवाणूकडे हे काम करणारी यंत्रणाच नाही. ही सजावट केवळ शोभेची असती तर भागले असते, पण तसे नाही. १६८० क्रमांकाच्या टायरोसिनवर सल्फेट नसेल, तर फॅक्टर आठला व्हॉन विलेब्रांड या सोबतच्या प्रथिनाला नीट धरून राहता येत नाही आणि तो रक्तातून लवकर नाहीसा होतो. या एकाच जागी टायरोसिनऐवजी फिनाइलॲलानिन घेऊन जन्मलेल्या माणसांना हिमोफिलिया होतो. २३३२ पैकी एक जागा चुकली, तरी इतका फरक पडतो.

म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशी घेतल्या. पहिली दोन उत्पादने १९९२ आणि १९९३ मध्ये आली, दोन्ही हॅमस्टरच्या पेशींतून: एकाला चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी, दुसऱ्याला हॅमस्टरच्या पिल्लांच्या मूत्रपिंडाच्या. आजही जगातली बरीचशी जैविक औषधे चिनी हॅमस्टरच्या पेशींतूनच येतात आणि उत्तम चालतात. तरी एक बारीक अडचण उरते. हॅमस्टरची पेशी प्रथिनावर थोड्या प्रमाणात अशा शर्करा बसवू शकते ज्या माणसाच्या शरीरात तयारच होत नाहीत. त्यांतल्या एका शर्करेचे जनुक आपल्या पूर्वजांत काही दशलक्ष वर्षांपूर्वीच निकामी झाले. आपल्या रक्तात या शर्करांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. एखाद्या औषधात हा भाग नगण्य ठरतो. पण फॅक्टर आठ लहानपणापासून जन्मभर, आठवड्यातून दोन-तीनदा द्यायचा आहे, आणि तीव्र हिमोफिलियाच्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे शरीर त्यालाच परके समजून प्रतिपिंडे तयार करते. तसे झाले की औषध लागू पडेनासे होते. डॉक्टर याला ‘इनहिबिटर’ म्हणतात, आणि रुग्णाच्या घरात या शब्दाची जी धास्ती असते ती पाहिली, की मानवी पेशींकडे वळण्याची धडपड समजते.

एचईके २९३ पेशींचा जन्म १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात, ॲलेक्स फान डर एब यांच्या प्रयोगशाळेत झाला. तिथे काम करणारे फ्रँक ग्रॅहम मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ॲडिनोव्हायरस ५ चे तुकडे केलेले डीएनए घालून पाहत होते. साधी पेशी काही वेळा विभागून थांबते. त्यांच्या २९३ व्या प्रयोगात मात्र विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा पेशीच्या १९ व्या गुणसूत्रात जाऊन बसला, विभाजनाला लगाम घालणारी प्रथिने त्याने निकामी केली, आणि ती पेशी थांबेचना. नावातला आकडा त्या प्रयोगाचा आहे. तो गर्भ आपोआप पडला होता की गर्भपात करवला होता, याची नोंद हाती राहिलेली नाही. या पेशींचा वापर ज्यांना नैतिकदृष्ट्या खटकतो त्यांच्या मनात तो प्रश्न खरोखरच असतो, आणि तो उडवून लावू नये. त्यानंतर नवा गर्भ कधी लागला नाही. आज जगभर असलेल्या साऱ्या २९३ पेशी त्या एकाच प्रयोगाचा वंश आहेत.

या पेशीत फॅक्टर आठचे जनुक घालावे लागते, कारण ती मूळची हे प्रथिन बनवत नाही. आपल्या शरीरात ते काम मुख्यतः यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी करतात. जनुक जसेच्या तसे घालत नाहीत. मधला ‘बी’ नावाचा सुमारे नऊशे अमिनो आम्लांचा भाग गोठण्याच्या कामी येत नाही, तो वगळतात. ऑक्टाफार्मा कंपनीच्या सिमॉक्टोकॉग आल्फा या उत्पादनात उरतात १४४० अमिनो आम्ले. जनुकाच्या पुढे ते जोराने वाचले जावे असा डीएनएचा तुकडा लावतात, सोबत एक निवडीचे जनुक देतात, आणि हे सारे पेशींत सोडतात. लाखो पेशींपैकी थोड्यांतच ते गुणसूत्रात पक्के बसते. त्या थोड्या एकेक करून वेगळ्या वाढवतात. कोण किती फॅक्टर देते, कोणाचा दर्जा टिकतो, पिढ्या उलटल्या तरी कोण बदलत नाही, हे महिनोन्महिने तपासतात आणि शेवटी एकच पेशी निवडतात. त्या एका पेशीची संतती शेकडो छोट्या कुप्यांत गोठवतात. ही झाली ‘मास्टर सेल बँक’. तिच्यातली एक कुपी वाढवून ‘वर्किंग सेल बँक’ करतात आणि रोजच्या उत्पादनाला हीच वापरतात. पुढची कितीतरी वर्षे त्या औषधाचा प्रत्येक थेंब त्या एका पेशीच्या वंशजांनी बनवलेला असतो.

आता प्रत्यक्ष बॅच सुरू करू. द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपातून, उणे दीडशे अंशांखालून, एक मिलिलिटरची कुपी काढतात. तिच्यात सुमारे एक कोटी पेशी असतात. गोठताना बर्फाच्या टोकांनी पेशी फाटू नये म्हणून त्यात डीएमएसओ हे द्रावक घातलेले असते, आणि तेच द्रावक पेशी जागी झाल्यावर तिला मारक ठरते. म्हणून वितळवणे झटपट करावे लागते: ३७ अंशांच्या पाण्यात कुपी धरायची, हलकेच हलवायची, आत बर्फाचा बारीक कण उरला की बाहेर काढायची आणि लगेच ताज्या, कोमट माध्यमात ओतायची. हे सारे एक-दोन मिनिटांत. इथे हात रेंगाळला तर पुढचा महिना वाया जातो.

माध्यम म्हणजे पेशीचे अन्न: ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार, लोह, असे पन्नासहून अधिक घटक. पूर्वी त्यात वासराच्या रक्ताचा सीरम घालत. त्यातून प्राण्यांचे रोग औषधात येण्याची भीती असे, आणि सीरमची प्रत दर वेळी वेगळी. आता फॅक्टर आठच्या मानवी पेशी सीरमशिवाय, द्रवात सुट्या तरंगत वाढतील अशा तयार केलेल्या आहेत.

या पेशी साधारण दिवसाला एकदा दुप्पट होतात. हजार लिटरच्या टाकीत दर मिलिलिटरला दहा लाख पेशी हव्या असतील तर एकूण एक लाख कोटी पेशी लागतात. एक कोटीपासून तिथवर जायला सतरा दुपटी. पण ती एक कोटीची कुपी थेट मोठ्या टाकीत ओतून चालत नाही. विरजण जसे आधी वाटीभर दुधात लावून मग मोठ्या भांड्यात घेतात, तसे इथेही टप्प्याटप्प्याने जावे लागते. पेशी फार विरळ झाल्या की वाढायचे थांबतात, कारण त्या एकमेकींसाठी वाढीचे संकेत द्रवात सोडत असतात. म्हणून आधी हलवायच्या काचपात्रात, मग डुलणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, मग छोट्या टाकीत, मग मोठ्या. कारखान्यात याला सीड ट्रेन म्हणतात. या सगळ्याला तीन-चार आठवडे जातात, आणि तोवर औषधाचा कणही हाती आलेला नसतो.

मुख्य टाकी म्हणजे बायोरिॲक्टर. बाहेरून ती पोलादाची किंवा आत एकदाच वापरायची पिशवी बसवलेली दिसते. आत सतत फिरणारे पाते, तळाशी हवा सोडणारी जाळी, आणि भिंतीतून आत गेलेल्या काड्यांसारख्या संवेदी नळ्या. तापमान ३७ अंश, पीएच सातच्या जरा वर. हे दोन्ही सांभाळणे तसे सोपे. खरी कसोटी ऑक्सिजनची. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असते म्हणून ते भरपूर ऑक्सिजन वाहते. माध्यमात तसे काही नाही. ३७ अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम सात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दाट वाढलेल्या पेशी तो पाच-सात मिनिटांत संपवतात. म्हणजे हवा सोडणे दहा मिनिटे बंद पडले तर टाकीतल्या साऱ्या पेशी गुदमरू लागतात. जास्त हवा सोडावी, तर बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात तेव्हा त्या जागी बसणारा ताण पेशीला फाडतो. वनस्पतीच्या किंवा जिवाणूच्या पेशीभोवती असते तशी भक्कम भिंत हिच्याभोवती नाही, फक्त पातळ आवरण आहे. पाते जोरात फिरवावे, तर तोच धोका. म्हणून माध्यमात पोलोक्झामर नावाचे द्रव्य घालतात. ते पेशींना बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटू देत नाही.

शिवाय पेशी खाते तशी टाकतेही. ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल निघते, ग्लुटामिनपासून अमोनिया, श्वसनातून कार्बन डायऑक्साइड. आम्लाने पीएच खाली येतो. तो सावरायला अल्कली घालावी, तर द्रवात क्षार वाढतात आणि पेशीच्या आवरणावर दाब येतो. अमोनिया वाढला की शर्करेच्या फांद्या अर्धवट राहतात. हे सगळे टाकीवर नजर ठेवून, रोज नमुना काढून सांभाळायचे असते. मला या कामाची हीच बाब सर्वांत विलक्षण वाटते: औषध माणसे बनवतच नाहीत. पेशी बनवते, आणि माणसे फक्त तिला काय सोसते, काय सोसत नाही, याची अहोरात्र काळजी घेतात.

फॅक्टर आठ स्वतःही नाजूक. पेशीच्या आत तयार झाल्यावर त्यातला बराचसा दुमडला जाण्याच्या जागीच अडकून पडतो, बाहेर येत नाही. आणि जो बाहेर येतो तो कोमट द्रवात फार वेळ राहिला तर तुटतो. म्हणून अशा प्रथिनासाठी परफ्युजन ही पद्धत सोयीची पडते: एका बाजूने ताजे माध्यम आत येत राहते, दुसऱ्या बाजूने तेवढाच द्रव बाहेर जातो, आणि पेशी मात्र टाकीतच अडवून ठेवतात. बाहेर आलेला द्रव लगेच थंड करतात. बायर कंपनीने कॅलिफोर्नियात बर्कलीला हॅमस्टरच्या पेशींतून फॅक्टर आठ याच रीतीने वर्षानुवर्षे काढला.

सगळ्यात मोठा धाक असतो तो संसर्गाचा. मानवी पेशी दुप्पट व्हायला एक दिवस घेते. चांगले अन्न मिळाले तर जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एक जिवाणू आत शिरला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकी त्याची. निदान द्रव गढूळ होतो, कळते तरी. विषाणू कळत नाही. जून २००९ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ऑल्स्टन इथल्या जेन्झाइम कंपनीच्या कारखान्यात हॅमस्टरच्या पेशींच्या टाक्यांत व्हेसिव्हायरस २११७ सापडला. तो माणसाला बाधत नाही, पण पेशींची वाढ खुंटली, आणि कारखाना बंद करून धुऊन काढावा लागला. गॉशे आणि फॅब्री या दुर्मीळ आजारांच्या रुग्णांचे औषध जगभर अपुरे पडले. कित्येकांना निम्म्या मात्रेवर भागवावे लागले. गॉशेसाठी मानवी पेशींतून बनवलेले दुसरे औषध, व्हेलाग्लुसरेज आल्फा, तेव्हा मंजुरीच्या वाटेवर होते. रुग्णांना ते मंजुरीआधीच देण्यात आले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली. एका औषधाचा एकच कारखाना असला की काय होते, याचा हा ढळढळीत दाखला आहे.

मानवी पेशींची एक उणीव इथेच सांगायला हवी. हॅमस्टरच्या पेशीत माणसाचे बरेच विषाणू वाढू शकत नाहीत. मानवी पेशीत वाढू शकतात. म्हणून शुद्धीकरणात एक विषाणू मारायची आणि एक गाळायची, अशा दोन वेगळ्या तटबंद्या ठेवतात. आधी पेशी गाळून द्रव वेगळा करतात. मग तो रेझिनच्या स्तंभांतून सोडतात, ज्यांतल्या एकाला फक्त फॅक्टर आठच चिकटतो आणि बाकी सारे वाहून जाते. मधल्या पायरीवर सॉल्व्हंट आणि डिटर्जंट घालतात, त्याने एचआयव्ही, हिपॅटायटिस सी यांसारख्या विषाणूंचे मेदाचे आवरण विरघळते. ज्यांना आवरण नाही ते यातून तगतात, म्हणून शेवटी २० नॅनोमीटर छिद्रांची गाळणी. फॅक्टर आठ तिच्यातून पार होतो, विषाणू अडतो. त्यानंतर गोठवून, निर्वात जागी सुकवून पांढरी पावडर कुपीत उरते. ती २ ते ८ अंशांत ठेवायची.

त्या कुपीत औषध किती असते? एक युनिट म्हणजे निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात असतो तेवढा फॅक्टर. पंचवीस किलोच्या मुलाच्या गुडघ्यात रक्त साचले आणि पातळी चाळीस टक्क्यांवर न्यायची असेल, तर २५ गुणिले ४० गुणिले अर्धा, म्हणजे ५०० युनिट लागतात. वजनात ते मिलिग्रॅमचा विसावा हिस्सा. त्याच मुलाला रक्तस्राव होऊच नये म्हणून दिवसाआड किलोला ३० युनिट दिले तर वर्षाला सुमारे १,३७,००० युनिट, आणि प्रथिनाचे वजन चौदा-पंधरा मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरते. पेशी प्रतिपिंडाचे औषध लिटरमागे ग्रॅममध्ये देतात. फॅक्टर आठ त्याच्या शेकडो-हजारो पटींनी कमी देतात. औषधाची किंमत चढी असण्यात कंपन्यांच्या नफ्याचाही वाटा आहे, पण हेही खरे कारण आहे.

मानवी पेशी घेतल्याने इनहिबिटरचा प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. सिमॉक्टोकॉगवर आधी कधीच फॅक्टर न घेतलेल्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात सुमारे चौथा हिस्सा मुलांना इनहिबिटर झालेच. हॅमस्टरच्या पेशींच्या उत्पादनांवरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण जास्त दिसले होते, पण दोन्ही समोरासमोर तोलून पाहिलेली नाहीत. ‘मानवी आहे म्हणून निर्धोक’ असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. शर्करा आणि सल्फेट माणसासारखे बसतात, हा लाभ मात्र पक्का आहे, आणि जन्मभर घ्यायच्या औषधात मला तो मोलाचा वाटतो.

२०१४ मध्ये अमेरिकेत एचईके २९३ पेशींतून बनवलेली दोन लांब टिकणारी औषधे मंजूर झाली, एक फॅक्टर आठचे, एक हिमोफिलिया ‘बी’मध्ये कमी असलेल्या फॅक्टर नऊचे. त्यांच्या निर्मात्या बायोजेन आणि सोबी या कंपन्यांनी त्याच वर्षी गरीब व विकसनशील देशांसाठी एक अब्ज युनिट बनवण्याचे जाहीर केले. वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियामार्फत ते ज्या देशांना मिळाले त्यांत भारतही आहे. पण मदत असो की सरकारी खरेदी, कुप्या मोजल्या जातात त्या नोंद झालेल्या रुग्णांवरून, आणि आपल्या लोकसंख्येच्या मानाने नोंद झालेले रुग्ण फार थोडे आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तरी त्याचा लाभही निदान झाल्यावरच मिळतो. तेव्हा घरातल्या किंवा शेजारच्या मुलाचा गुडघा न पडता सुजत असेल, दात पडल्यावर रक्त तासन्‌तास थांबत नसेल, लशीच्या जागी मोठी काळीनिळी गाठ येत असेल, तर त्याला ॲस्पिरिन देऊ नका, स्नायूत इंजेक्शन घेऊ देऊ नका; जवळच्या सरकारी रुग्णालयात एपीटीटी ही रक्त गोठण्याची चाचणी आणि फॅक्टर आठ-नऊची तपासणी करून घ्या, आणि निदान झाले की हिमोफिलिया सोसायटीच्या शाखेत त्याचे नाव नोंदवा.